दिसणे, ओळखणे आणि सांगणे : सुरतेचा अर्धवट राहिलेला धडा

साथीच्या दिवसांत वृत्तपत्राच्या कचेरीत एक शब्द वारंवार येऊन पडतो, तो म्हणजे 'गूढ'. गूढ ताप, गूढ आजार, गूढ मृत्यू. बातमीदाराच्या मजकुरात तो असतो, मथळ्यात तो सहज बसतो आणि वाचकाच्या मनात तो घर करून राहतो. वस्तुतः या शब्दाचा अर्थ एवढाच असतो की, प्रयोगशाळेचा अहवाल अद्याप आलेला नाही. रुग्ण खाटेवर आला आणि त्याच्या आजाराचे नाव निश्चित झाले, या दोन घटनांमध्ये जितका काळ जातो, तितका काळ अफवेचा असतो. हा काळ किती लांबू शकतो आणि त्याची किंमत काय असते, याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण सुरत शहराने १९९४ साली पाहिले.

आज विषाणूंच्या अभ्यासासाठी अतिप्रगत सूक्ष्मदर्शक यंत्रे उपलब्ध आहेत. गोठवलेल्या विषाणूच्या कवचावरील प्रथिनांची घडण अणूंच्या पातळीवर टिपता येते. जिवंत पेशीत शिरणाऱ्या विषाणूचा माग काढता येतो. अशा यंत्रांची छायाचित्रे थक्क करतात आणि 'आपल्याकडेही असे यंत्र हवे' अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु गोव्यासारख्या लहान राज्याने ही इच्छा मनात धरण्यापूर्वी सुरतेचा इतिहास पुन्हा एकदा वाचला पाहिजे. कारण त्या वर्षी सुरतेत सूक्ष्मदर्शक होता, त्याखाली जंतू दिसलेही होते, तरी शहर रिकामे झाले.

तापीकाठचा तो सप्टेंबर

१९९४च्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि ओसरताना चिखल, कचरा व मेलेली जनावरे मागे ठेवून गेले. सुरत हे हातमाग-यंत्रमागाचे, जरीचे आणि हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यांचे शहर. पोटासाठी आलेल्या लाखो कामगारांत खानदेशातील मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि आजही आहेत. गणेशोत्सव आटोपतो न आटोपतो तोच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ताप, खोकला आणि रक्त मिसळलेला बेडका अशी लक्षणे असलेले रुग्ण रुग्णालयात येऊ लागले. काही जण दाखल झाल्यानंतर काही तासांतच दगावले.

त्याच सुमारास मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला या गावी, गाठीच्या प्लेगची चर्चा सुरू होती. सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीपोटी लोकांनी घरे सोडली, घरात साठवलेले धान्य उंदरांच्या तोंडी पडले, उंदरांची संख्या वाढली आणि पाठोपाठ उंदीर मरू लागले, अशी संगती तज्ज्ञांनी लावली होती. साहजिकच सुरतेतील डॉक्टरांच्या मनातही फुप्फुसाच्या प्लेगचा संशय आला. बेडक्याचा नमुना काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा दोन्ही टोकांना गडद रंग धरणारे, सेफ्टी पिनसारखे दिसणारे जिवाणू दिसले. प्लेगच्या जिवाणूचे पाठ्यपुस्तकातील वर्णन नेमके हेच आहे.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. अलेक्झांडर येरसँ या शास्त्रज्ञाने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम ओळखला, ते वर्ष १८९४. बरोबर शंभर वर्षांनी, त्याच जिवाणूबद्दल आपल्या देशात प्रश्न विचारला गेला : हा खरोखर प्लेग आहे काय?

प्रश्न विचारणारे अडाणी नव्हते. दोन टोकांना रंग धरणारे जिवाणू इतर जातींतही आढळतात. १९६६ नंतर देशात प्लेगची खात्रीशीर नोंद नव्हती. मृत्यूंची संख्या फुप्फुसाच्या प्लेगच्या मानाने कमी वाटत होती. म्हणून काहींनी मेलिऑयडोसिसची, तर काहींनी उंदरांपासून पसरणाऱ्या हंता विषाणूची शक्यता मांडली. अमेरिकेत आदल्याच वर्षी हंता विषाणूने फुप्फुसे निकामी होऊन माणसे दगावल्याचे उघड झाले होते. वाद मिटवण्याचा राजमार्ग म्हणजे नमुन्यातून जिवाणू वाढवून त्याची निःसंशय ओळख पटवणे. पण तोवर शहराने टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मुठीमुठीने गिळल्या होत्या. प्रतिजैविक पोटात गेलेल्या रुग्णाच्या नमुन्यातून जिवाणू वाढवणे कठीण होऊन बसते. त्यातच प्लेगच्या निदानाचा सराव असलेल्या प्रयोगशाळा देशात जवळजवळ उरल्या नव्हत्या.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पुढे प्लेगवर शिक्कामोर्तब केले. जिवाणूच्या जनुकीय ओळखीचे काम तर त्यानंतरही चालू राहिले आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उरलासुरला संशय दूर केला. पण सुरतेचे नुकसान व्हायचे ते पहिल्या आठवड्यातच होऊन गेले होते. लाखो माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली आणि आजाराची भीती सोबत घेऊन गेली. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. आखाती देशांसह अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली, निर्यातीला फटका बसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्या वर्षी देशभरात ६९३ संशयित रुग्ण आणि ५६ मृत्यू झाले. क्षयरोगाने किंवा मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. तरीही देशाची प्रतिमा डागाळली ती प्लेगने.

त्याच महिन्यात ब्रिस्बेनमध्ये

नेमक्या त्याच सप्टेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा या उपनगरात शर्यतीचे डझनाहून अधिक घोडे मेले आणि त्यांचा प्रशिक्षकही दगावला. तेथेही आजार अनोळखी होता. सुरतेतला जंतू तरी शंभर वर्षांपूर्वीचा ओळखीचा होता, हेंड्रातला विषाणू तोवर कोणीही पाहिलेला नव्हता. तरीही काही आठवड्यांत तेथील शास्त्रज्ञांनी तो पेशींमध्ये वाढवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचे कूळ निश्चित केले आणि तो लोकांना सांगितला. पुढे जगाला भेडसावणाऱ्या निपाह विषाणूचा तो सख्खा भाऊबंद निघाला.

दोन शहरांची तुलना करताना सुरतेच्या डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा पहिला अंदाज अखेर खराच ठरला. फरक होता तो डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत. दिसणे ही पहिली पायरी सुरतेने गाठली होती. ओळखणे ही दुसरी पायरी रखडली. आणि ओळख पटलेली नसताना लोकांना काय सांगायचे, या तिसऱ्या पायरीवर सारेच कोसळले.

यंत्र काय दाखवते, काय दाखवत नाही

विषाणूंच्या बाबतीत तर पहिली पायरीच अवघड असते. प्लेगचा जिवाणू साधारण एक ते दोन मायक्रोमीटर लांबीचा असतो आणि प्रकाशावर चालणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मात्र प्रकाशाच्या स्वभावामुळेच अशा यंत्राला सुमारे २०० नॅनोमीटरची मर्यादा पडते. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. करोनाचा विषाणू ७०-८० नॅनोमीटरचा आणि माकडतापाचा त्याहूनही लहान. ही मर्यादा ओलांडली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. १९३१ साली जर्मनीत एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारे यंत्र उभे केले. रुस्काचा डॉक्टर भाऊ हेल्मुट याने सहकाऱ्यांसह १९३९ साली तंबाखूच्या पानावरील रोगाचा विषाणू त्याखाली पाहिला.

त्यानंतरची प्रगती दोन दिशांनी झाली. २०१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रकाशाची जुनी मर्यादा युक्तीने ओलांडणाऱ्या तंत्राला मिळाले. त्यामुळे जिवंत पेशीतील घडामोडी बारकाईने पाहता येऊ लागल्या. २०१७ सालचे पारितोषिक क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला मिळाले. यात नमुना अतिशीत द्रवात इतक्या झपाट्याने गोठवतात की पाण्याचे स्फटिक बनायलाही वेळ मिळत नाही आणि विषाणू आहे त्या अवस्थेत टिकून राहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये, साथ जाहीर होऊन दोन महिने होतात न होतात तोच, करोना विषाणूच्या काट्यांची रचना याच तंत्राने जगापुढे आली आणि लस घडवणाऱ्यांना नेमका नकाशा मिळाला. आपल्या देशातही बंगळुरूमध्ये हे तंत्र उपलब्ध आहे.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा असे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले आहे. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने करोनाच्या भारतातील पहिल्या रुग्णाच्या, म्हणजे वुहानहून केरळात परतलेल्या विद्यार्थिनीच्या, घशातील स्रावातून विषाणूची प्रतिमा टिपली. त्या तपासणीत अवघे सात विषाणूकण सापडले. त्यांतील ७५ नॅनोमीटरच्या एका कणावर मुकुटासारखे काटे स्पष्ट दिसत होते. सात कणांचा हा शोध किती चिकाटीचा असेल, याची कल्पना करता येते.

आज पीसीआर आणि जनुकीय क्रमवाचन यांमुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक निदानासाठी कालबाह्य झाला, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. सूक्ष्मदर्शकाला विषाणू दिसण्यासाठी एका मिलिलिटर नमुन्यात लाखो कण असावे लागतात. पीसीआरला मोजके कणही पुरतात, तीही कमी खर्चात आणि काही तासांत. पण पीसीआर आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. डेंग्यू आहे काय, असे विचारले तर ती हो किंवा नाही म्हणते. आपल्याला न सुचलेल्या विषाणूबद्दल ती गप्प राहते. क्रमवाचन न सुचलेले नावही पुढे आणू शकते, पण त्यासाठी संगणक, सामग्री आणि जाणकार मनुष्यबळ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र जे आहे ते दिसते, कोणी शोधत असो वा नसो.

याचा पडताळा २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आला. मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांतून विषाणू वाढवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले. रेबीजच्या कुळाची ही खूण. त्या दिशेने शोध घेतल्यावर जो विषाणू हाती लागला, तो याच संस्थेने १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तात शोधलेला होता. जवळजवळ चार दशके निरुपद्रवी समजला गेलेला चांदीपुरा विषाणू मुलांचा जीव घेत होता.

तरीही दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे, ही सुरतेची शिकवण अतिप्रगत यंत्रांनाही लागू पडते. करोनाकाळात अनेक ठिकाणी मूत्रपिंडाच्या व अन्य अवयवांच्या पेशींत 'विषाणू दिसला' असे जाहीर झाले. प्रत्यक्षात पेशीतील नेहमीच्याच सूक्ष्म पिशव्यांना विषाणू समजण्याची चूक झाली होती आणि ती अनुभवी सूक्ष्मदर्शनतज्ज्ञांनी दाखवून दिली. १९९४ साली सेफ्टी पिनसारख्या आकारावरून उठलेला वाद आणि २०२० सालची ही गफलत, दोन्हींचे मूळ एकच. यंत्र प्रतिमा देते, अर्थ लावण्यासाठी सराव झालेला डोळा लागतो.

सीमेवरचे गाव, सीमेपलीकडचे उत्तर

सुरतेने १९९४ नंतर एक धडा मनापासून गिरवला. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि अतिक्रमणे यांवर असे काम केले की, घाणीसाठी बदनाम झालेले शहर दीड-दोन वर्षांत देशातील स्वच्छ शहरांच्या पंक्तीत जाऊन बसले. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर ते इंदूरसह पहिले आले. मात्र झाडूने उंदीर कमी होतात, निदानाला लागणारा वेळ कमी होत नाही. हा दुसरा धडा केवळ सुरतेने नव्हे, साऱ्या देशाने अर्धवट सोडला.

फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. पलीकडचा उच्छल तालुका तेव्हा सुरत जिल्ह्यात होता. कोंबड्या राणीखेत रोगाने मरत असाव्यात, असा समज प्रारंभी होता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. मधल्या दिवसांत किती पक्षी, किती अंडी बाजारात गेली असतील, याचा विचार केला की निदानाला लागलेल्या वेळेचे मोल कळते.

पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत २००१च्या आरंभी एका तापाने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसह अनेकांचा बळी घेतला. तो निपाह होता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीतून काही वर्षांनी जगाला कळले. याउलट २०१८ साली केरळात निपाह आला, तेव्हा सावध डॉक्टर, मणिपालची आणि पुण्याची प्रयोगशाळा यांच्या साखळीमुळे काही दिवसांत नाव निश्चित झाले आणि साथ आटोक्यात राहिली. विषाणू तोच, देश तोच. फरक साखळीचा.

२०२४ च्या पावसाळ्यात चांदीपुरा पुन्हा गुजरातेत उफाळला. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची आणि ८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील ६४ जणांत चांदीपुरा विषाणूची खात्री पटली आणि त्यांपैकी ६१ गुजरातचे होते. वाळूमाशीच्या चाव्याने पसरणारा हा आजार मुलाला एक-दोन दिवसांत मृत्यूच्या दारात नेतो. सुरुवातीला नमुने पुण्याला जात होते, नंतर गांधीनगरच्या प्रयोगशाळेतही तपासणी होऊ लागली. आजार तासांवर चालतो आणि अहवाल दिवसांवर चालतो, ही विसंगती १९९४ पासून पुरती मिटलेली नाही.

गोव्याने काय मागावे

गोव्याला या विषयाची परंपरा नाही असे नाही. १८४२ साली स्थापन झालेले पणजीचे वैद्यकीय विद्यालय आशियातील जुन्या संस्थांपैकी एक. पणजीचे महापौर राहिलेले डॉ. फ्रोइलानो द मेलो हे जंतुशास्त्रज्ञ म्हणूनच नावाजले गेले. गरज कशी दाराशी येते, हेही आपण पाहिले आहे. २०१५ नंतर सत्तरीतील पाली व परिसरात काजूच्या बागायतीत राबणाऱ्यांना माकडतापाने गाठले. गोचिडीमार्फत पसरणारा हा विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी शोधला होता. पुढे शेजारच्या सिंधुदुर्गातही तो पोहोचला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या तपासणीचे प्रशिक्षण घेण्यासाठी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे पथक नौदलाच्या विमानाने पुण्याला गेले, तेव्हा कुठे बांबोळीत तपासणी सुरू होऊ शकली.

असे राज्य अतिप्रगत सूक्ष्मदर्शक विकत घेऊ शकेल काय? कदाचित घेईलही. पण त्यासाठी कंपनरहित इमारत, अखंड वीज, वर्षाकाठी मोठा देखभाल खर्च आणि त्यावर रोज बसणारी माणसे लागतात. वर्षात मोजके नमुने येणाऱ्या ठिकाणी डोळ्याला सराव होत नाही आणि सरावाविना यंत्र मुके राहते. देशाला अशी यंत्रे हवीत, ती पुणे-बंगळुरूला असणेच योग्य. गोव्याने मागावे ते त्या यंत्रापर्यंत जाणारा भरवशाचा रस्ता.

तो रस्ता चार गोष्टींनी बनतो. प्रतिजैविक देण्यापूर्वी नमुना घेण्याची शिस्त वाळपई-काणकोणच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजे, कारण सुरतेत उत्तर हरवले ते तिथेच. नेहमीच्या तपासण्यांत कारण न सापडलेला नमुना किती तासांत पुण्याला पोहोचेल आणि तेथे तो कोणत्या क्रमाने तपासला जाईल, याचा लेखी करार शांततेच्या काळातच व्हावा. प्रत्येक अनुत्तरित नमुना शीतपेटीत जपून ठेवावा, म्हणजे सिलिगुडीप्रमाणे उशिरा का होईना, सत्य कळेल. आणि पशुवैद्यक व वन खात्याने मेलेल्या माकडांची, कोंबड्यांची खबर आरोग्य खात्याला त्याच दिवशी द्यावी. माणसाआधी प्राणी मरतात, हे उंदरांनीही सांगितले, घोड्यांनीही आणि माकडांनीही.

यापैकी कोणत्याही गोष्टीला क्रायो-सूक्ष्मदर्शकाइतका पैसा लागत नाही. लागतात त्या भरलेल्या जागा. तंत्रज्ञांची पदे रिक्त ठेवून यंत्रांच्या खरेदीची घोषणा करणे सोपे असते, फीत कापायलाही काहीतरी लागते. अंदाजपत्रकात दर वर्षी दिसायला हवी ती माणसांच्या पगाराची नीरस ओळ.

राहता राहिली तिसरी पायरी, सांगण्याची. पर्यटनावर जगणाऱ्या राज्याला साथीची बातमी दडपण्याचा मोह होणे समजू शकते. पण सुरतेतील माणसे पळाली ती सत्य कळल्यामुळे नव्हे. एक अधिकारी प्लेग म्हणतो, दुसरा न्यूमोनिया म्हणतो आणि शेजारी विषाणू म्हणतो, अशा गोंधळात माणूस मुलाबाळांना घेऊन स्थानक गाठतो. काय निश्चित झाले, काय संशयित आहे आणि कोणता अहवाल कधी अपेक्षित आहे, एवढे तीन मुद्दे एकाच जबाबदार अधिकाऱ्याने रोज ठरलेल्या वेळी सांगितले, तर 'गूढ' हा शब्द आमच्या मथळ्यांतून आपोआप गळून पडेल. आमच्याही व्यवसायाचे कर्तव्य त्यात आहे. अहवाल येण्यापूर्वी आजाराला नाव देण्याची घाई आम्हीही टाळली पाहिजे.

विषाणू नॅनोमीटरमध्ये मोजतात, साथीचे नुकसान मात्र दिवसांमध्ये मोजावे लागते. काजूच्या बागेत जाणाऱ्या सत्तरीतील मजुराला ताप भरला, तर त्याच्या घरच्यांना कारण किती दिवसांत कळेल, हा प्रश्न पुढचा हंगाम येण्यापूर्वी सरकारला विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर आकड्यात मिळाले पाहिजे.